जुन्या व्हॅनच्या आसाचे सांधे

गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या तोंडाशी, दादरच्या फुलबाजाराच्या कडेला, अथवा लालबागच्या मसाला गल्लीत डंकांच्या खडखडाटापासून चार पावलांवर उभी असलेली पंधरा-वीस वर्षांची व्हॅन ज्या माणसाच्या चरितार्थाचे साधन असते, त्याच्या मनात त्या वाहनाविषयी जी काळजी वसत असते ती बहुधा इंजिनाची असते. तेल बदलले की नाही, धूर काळा येतो की निळा, पेट्रोल किती लागते, याची तो बारकाईने विचारपूस करतो, आणि इंजिनात निर्माण झालेली शक्ती ज्या मार्गाने चाकापर्यंत पोहोचते त्या मार्गातील सांध्यांची आठवण मात्र त्याला ते सांधे ओरडू लागल्यावरच होते. वस्तुतः हा सांधा म्हणजे मोठ्या अवघड कामगिरीवर नेमलेला अवयव होय. फिरणाऱ्या एका दांड्याची गती त्याने दुसऱ्या दांड्याला द्यायची, तीही अशा स्थितीत की ते दोन दांडे एका सरळ रेषेत नाहीत, त्यांच्यातला कोन रस्त्यातील प्रत्येक खड्ड्यागणिक बदलतो आहे, आणि भरलेल्या गाडीला ओढण्याचे सारे बळ त्याच क्षणी त्या मुठीएवढ्या पोलादातून वाहते आहे. त्याचे आयुष्य वर्षांवर किंवा किलोमीटरांवर फारसे अवलंबून नसते. तो किती कोनात वाकून काम करतो, आणि त्याच्या पोटातील ग्रीस त्याच्या आवरणात किती काळ निर्मळ राहते, या दोन गोष्टींवर ते ठरते. मुंबईच्या या जुन्या भागात एकीकडे अरुंद गल्ल्या आणि दुसरीकडे पावसाळ्यात तुंबणारे सखल रस्ते असल्यामुळे या दोन्ही बाबतींत सांध्याची कसोटी लागते. सबब त्याची निगा हा येथे ऐच्छिक विषय राहत नाही.

चालना कोणत्या चाकांना मिळते या दृष्टीने आपल्याकडच्या जुन्या व्हॅनांचे दोन वर्ग पडतात, आणि दोहोंचे सांधे निराळे असल्यामुळे आपली व्हॅन कोणत्या वर्गातली हे आधी ओळखावे लागते. मारुती उद्योगाने १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने बाजारात आणलेली, १९८८ पासून ‘ओम्नी’ म्हणून ओळखली गेलेली आणि २०१९ साली जिचे उत्पादन थांबले ती ७९६ घनसेंटिमीटर इंजिनाची छोटी गाडी पहिल्या वर्गातली. हिचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या आसनांखाली बसते, परंतु गाडी ढकलण्याचे काम मागची चाके करतात. गिअरबॉक्समधून निघालेला एक पोकळ दांडा, ज्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, गाडीच्या पोटाखालून मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलपर्यंत जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. २०१० साली आलेली ईको याच घराण्यातली, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या ज्या पद्मिनी टॅक्सीने या शहराची निदान दोन पिढ्या सेवा केली तिचीही चालना अशीच मागच्या चाकांना होती.

दुसऱ्या वर्गात मेटाडोर येते. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतील विडाल या पेढीच्या सहकार्याने आधी गोरेगावात तीनचाकी टेम्पो बांधले, पुढे आपला कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस नेला, आणि तेथून निघालेली मेटाडोर व्हॅन इतकी सर्वत्र झाली की शाळेची मुले, रुग्ण, वाद्यवृंदाचे सामान आणि कापडाचे गठ्ठे यांपैकी जे काही चार चाकांवर न्यायचे ते मेटाडोरने न्यायचे, असा जणू शिरस्ताच पडला. हिची चालना पुढच्या चाकांना होती. मागे जाणारा दांडा नसल्यामुळे हिच्या मालकक्षाची जमीन सखल ठेवता आली, आणि रुग्णवाहिकेसाठी किंवा जड पेट्या चढवण्यासाठी तीच हिची मोठी सोय ठरली. परंतु त्या सोयीच्या बदल्यात पुढच्या प्रत्येक चाकाला वळताही यावे आणि त्याच वेळी शक्तीही मिळावी, अशी दुहेरी मागणी तिच्या सांध्यांवर येऊन पडली.

या सांध्यांचा इतिहास मोटारीहून फार जुना आहे. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती व वैद्य जिरोलामो कार्दानो याचे नाव युरोपात अद्याप त्याला जोडलेले आहे, आणि इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७६ साली सूर्याचे वेध घेण्याच्या उपकरणांविषयी लिहिताना त्याचे विवेचन केले. रचना अगदी साधी आहे: दोन दांड्यांच्या टोकांना दोन-दोन शाखांचे चिमटे, एकमेकांशी काटकोनात धरलेले, आणि त्यांच्या मधोमध अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, ज्याच्या चारही बाहूंवर एकेक टोपी बसते व प्रत्येक टोपीत सुयांइतके बारीक रोलर उभे रचलेले असतात. मिस्त्रीमंडळी याला ‘क्रॉस’ म्हणतात आणि आपणही तोच शब्द वापरू. क्लॅरन्स स्पाइसर नावाच्या, कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाने १९०३ साली या सांध्याला मोटारीत घालण्याजोगे, ग्रीस कोंडून ठेवणारे बंदिस्त रूप देऊन त्याचे पेटंट मिळवले. तोवर पुष्कळशा मोटारींची चाके उघड्या साखळीने फिरत असत आणि रस्त्याची धूळ त्या साखळीला खाऊन टाकीत असे. म्हणजे या अवयवाच्या आधुनिक इतिहासाचा आरंभच मुळी धूळ बाहेर आणि वंगण आत ठेवण्याच्या प्रश्नातून झाला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकाने ध्यानी ठेवावी.

क्रॉसमध्ये एक जन्मजात वैगुण्य आहे आणि हुकला ते ठाऊक होते. दोन दांडे सरळ रेषेत असतील तोवर दोघांची गती समान असते. पण त्यांच्यात कोन पडला की पहिला दांडा कितीही एकसारखा फिरला तरी दुसरा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धाव घेतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन पाच अंशांचा असेल तर हा फरक हजारात चारांइतकाच, म्हणजे मिनिटाला १००० फेरे घेणाऱ्या दांड्यापुढे दुसरा दांडा ९९६ ते १००४ या मर्यादेत फिरेल, आणि कोणास त्याची जाणीवही होणार नाही. परंतु तोच कोन तीस अंशांवर गेला तर मर्यादा ८६६ पासून ११५५ पर्यंत रुंदावते, आणि गाडी थरथरू लागते. यावर उपाय असा की दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा क्रॉस बसवावा आणि दोन्ही टोकांचे चिमटे एकाच प्रतलात ठेवावेत, म्हणजे पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा तितक्याच मापाने उलटी करून फेडतो. यासाठी दोन्ही सांध्यांतले कोन समान असणे मात्र आवश्यक असते. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा हा हिशेब जुळलेला असतो. पुढे मालक तिच्यात तिच्या शक्तीबाहेर माल भरू लागला, मागच्या पाट्यांचे कमान-स्प्रिंग बसून सपाट झाले, म्हणजे आसाचे तोंड वेगळ्या दिशेला वळते, दोन कोनांतली समानता मोडते, आणि नवा क्रॉस घातल्यावरही थरथर जात नाही. दादरच्या बाजारातून पहाटे दुप्पट भार घेऊन निघणाऱ्या ओम्नीच्या बाबतीत क्रॉस वारंवार का जातो, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा क्रॉसमध्ये नसून पाट्यांमध्ये असते. आधी पाटे पाहावेत, मग सांध्यास दोष द्यावा.

पुढच्या चाकांना चालना देणाऱ्या गाडीत ही युक्ती पुरत नाही. तेथे चाक खड्ड्यांबरोबर वरखाली होते, शिवाय वळणावर डावी-उजवीकडे फिरते, आणि त्याच्याजवळच्या सांध्याला चाळीस अंशांच्या आसपास वाकूनही चाक समगतीने फिरवावे लागते. फ्रान्समध्ये ग्रेगवार आणि फेनाय या जोडीने १९२६ साली यावर एक तोड काढली. त्याच दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीचा अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने जी दुसरी काढली ती मात्र शेवटी जगभर रूढ झाली. त्याने एका पोलादी वाटीच्या आतल्या अंगाला सहा खोबणी कोरल्या, तशाच सहा खोबणी आतल्या गोळ्यावर कोरल्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये एका जाळीदार कड्यात बसवलेले सहा छर्रे असे ठेवले की कोन कितीही बदलला तरी ते सहाही छर्रे त्या कोनाला बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच राहावेत. छर्रे त्या प्रतलात राहिले की गती घेणारा आणि गती देणारा यांच्यातील अंतर दोन्ही बाजूंनी सारखे राहते, आणि धाव घेणे-रेंगाळणे हा प्रकार उरतच नाही. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या ‘मिनी’ने हा छर्ऱ्यांचा सांधा सामान्य माणसाच्या गाडीत आणला, आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढच्या काही वर्षांत हा सांधा नाक्यानाक्यावरच्या गॅरेजात येऊन पोहोचला. गिअरबॉक्सच्या बाजूच्या, म्हणजे आतल्या, सांध्याला फारसे वाकावे लागत नाही, पण चाक वरखाली होताना दांड्याची लांबी कमी-जास्त करावी लागते. म्हणून तेथे सरकण्याची मुभा असलेली निराळी रचना, बहुधा तीन रोलरांची, योजलेली असते.

हे गणित समजले की गिरगाव सांध्यांना का जड जाते ते सहज कळते. खोताची वाडी, कांदेवाडी, मुगभाट यांसारख्या वस्त्यांची मांडणी झाली तेव्हा मोटारीचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. त्या गल्ल्यांत व्हॅन वळवायची तर चक्र शेवटपर्यंत फिरवावे लागते, दोन हात पुढे, दोन हात मागे, पुन्हा पुढे, असे करावे लागते, आणि बहुतेक चालक चक्र पूर्ण वळवलेल्या अवस्थेतच जोराने गती देतात. पुढच्या चालनेच्या गाडीत सांधा सर्वांत जास्त वाकलेला असतो तो नेमका या क्षणी, आणि त्याच क्षणी पहिल्या गिअरचे सर्वांत मोठे बळ त्यातून जाते. छर्रे खोबणींच्या टोकाशी दाबले जातात आणि तेथे खळगे पडू लागतात. मागच्या चालनेच्या ओम्नीत वळण्याचा कोन सांध्यावर येत नाही, पण पुढे-मागे करण्याचा मार त्याला चुकत नाही, कारण दर वेळी बळाची दिशा उलटते, क्रॉसमध्ये जेवढी ढील असेल तेवढी एका झटक्यात भरून निघते, आणि तो झटका त्या बारीक रोलरांना सोसावा लागतो. चक्र थोडे सरळ करून मगच गती द्यावी आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उलटा गिअर टाकू नये, या दोन सवयींना खर्च काहीच नाही. तरीही त्या ज्या चालकाच्या अंगी आहेत त्याचे सांधे शेजाऱ्याच्या सांध्यांपेक्षा निश्चितपणे अधिक काळ टिकतात.

परळ आणि दादर यांच्यामधली अडचण वेगळी आहे. हिंदमाता नावाने प्रसिद्ध असलेला तो भाग खोलगट; मुंबईची मूळ बेटे भराव घालून जोडली गेली तेव्हा त्यांच्यामधली जी सखल जमीन वस्तीखाली आली तिच्यात पाणी आजही वाट शोधत येते, आणि समुद्राला भरती असली की ते बाहेर पडावयास मार्ग उरत नाही. अलीकडे महापालिकेने पाणी साठवण्यासाठी तेथे भूमिगत टाक्यांचा बंदोबस्त केला आहे, तथापि जोराच्या पावसात या रस्त्यांतून चाकाच्या मध्यापर्यंतच्या पाण्यातून जाण्याचा प्रसंग व्हॅनवाल्यास अद्याप अपरिचित नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहराच्या मोठ्या भागात गाड्या जागच्या जागी बुडाल्या, तो प्रसंग अपवादात्मक होता. सांध्यांचा नाश मात्र अपवादात्मक पुरापेक्षा दर पावसाळ्यातल्या गुडघाभर पाण्यानेच अधिक होतो.

पाणी आत कसे शिरते हे समजून घेण्याजोगे आहे. धावत्या गाडीचा सांधा आणि डिफरन्शियल दोन्ही तापलेले असतात आणि त्यांच्या आतील हवा प्रसरण पावलेली असते. ते एकाएकी गार पाण्यात बुडाले म्हणजे आतील हवा आकुंचन पावते आणि जेथे म्हणून फट मिळेल तेथून, मग ती रबरी आवरणाची सूक्ष्म चीर असो, ऑइल सीलची झिजलेली कडा असो किंवा आसावरच्या श्वासनळीचे हरवलेले टोपण असो, बाहेरचे पाणी आत ओढून घेते. म्हणजे पाणी केवळ झिरपत नाही, शोषले जाते. त्या पाण्याबरोबर रस्त्यावरचा बारीक गाळ येतो, आणि ग्रीसमध्ये कालवलेला गाळ हे पोलाद घासण्याचे उत्तम साधन होय. पाण्याने ग्रीस दुधट होते, त्याचा थर तुटतो, आणि क्रॉसच्या रोलरांचा व्यास इतका लहान असतो की त्यांच्यावर चढलेला गंजाचा पहिला ठिपकाच त्यांच्या अंताचा आरंभ ठरतो. म्हणून पाण्यातून गेलेल्या गाडीचे डिफरन्शियल तेल दोन-चार दिवसांत काढून पाहावे, आणि ते दुधट दिसल्यास बदलण्यात एक दिवसाचीही हयगय करू नये. ज्या क्रॉसला ग्रीसचे निप्पल आहे त्यात गनने नवे ग्रीस इतके भरावे की चारही टोप्यांच्या कडांतून जुने ग्रीस बाहेर येईल. तीन टोप्यांतून आले आणि चौथीतून आले नाही, तर त्या बाहूतील मार्ग बंद झाला आहे आणि त्या टोपीतले रोलर कोरडे फिरत आहेत असे समजावे. अलीकडच्या पुष्कळ क्रॉसना निप्पल नसतेच. ते कारखान्यातच बंद केलेले असतात, आणि त्यांच्या बाबतीत पाहणी एवढाच उपाय उरतो.

छर्ऱ्यांच्या सांध्याचे रक्षण करणारे आवरण म्हणजे पेटीच्या भात्यासारख्या घड्यांचा रबरी बूट, आणि माझे स्पष्ट मत आहे की त्या संबंध जोडणीतील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच होय, जरी किमतीने तो सर्वांत क्षुल्लक असला तरी. छर्रे आणि खोबणी उत्तम पोलादाच्या असतात, ग्रीस शुद्ध राहिले तर त्या गाडीच्या आयुष्याएवढ्या पुरू शकतात. रबर मात्र उष्णतेने, हवेतील ओझोनने आणि सततच्या वाकण्याने कडक होऊन घडीच्या तळाशी तडकते. प्रथम केसासारखी चीर पडते. मग फिरत्या सांध्याच्या केंद्रोत्सारी बळाने त्या चिरेतून ग्रीस बाहेर फेकले जाऊ लागते, आणि चाकाच्या आतल्या अंगाला, ब्रेकच्या नळीवर, कधी शॉकअब्सॉर्बरच्या पायथ्याशी काळ्या ग्रीसचे शिंतोडे वर्तुळाकार उमटतात. ही खूण ज्याने वेळीच ओळखली त्याचे काम बूट, ग्रीस आणि दोन क्लिपा यांच्यावर भागते. ज्याने ती पावसाळ्याआधी ओळखली नाही त्याच्या वाट्यास सबंध सांध्याचा खर्च येतो. एप्रिल-मेमध्ये गाडी उचलून, चाक हाताने सावकाश फिरवत, बुटाची एकेक घडी बोटांनी उघडून पाहावी. वरवर पाहिल्याने चीर दिसत नाही. घडी उघडली तरच दिसते.

बिघाड झाल्यावरच्या लक्षणांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण चुकीच्या निदानामुळे चांगले भाग बदलले जातात. चक्र पूर्ण वळवून हळू गतीने गाडी वर्तुळात फिरवली असता एकाच बाजूस ‘कट-कट’ असा तालबद्ध आवाज येत असेल तर चाकाजवळचा छर्ऱ्यांचा सांधा झिजला आहे. सरळ रस्त्यावर गती देताना गाडी डावी-उजवीकडे झुलल्यासारखी थरथरत असेल आणि गती सोडली की थरथर जात असेल, तर संशय आतल्या सांध्यावर घ्यावा. मागच्या चालनेच्या व्हॅनमध्ये क्लच सोडताना किंवा उलट्या गिअरवरून पहिल्यावर येताना पोटाखालून ‘टण्ण’ असा एकच घाव ऐकू आला तर तो क्रॉसच्या ढिलेपणाचा असतो; हळू चालताना चाकापेक्षा जलद तालाचे बारीक किरकिरणे कोरड्या रोलरांचे असते. गाडी उभी करून, चाकांना अडण लावून, गिअर मोकळा ठेवून, प्रोपेलर शाफ्ट एका हाताने धरावा व दुसऱ्या हाताने त्याच्या पलीकडचा चिमटा उलट दिशेने फिरवून पाहावा. दोहोंमध्ये जाणवेल एवढी हालचाल झाली, किंवा टोपीच्या कडेशी तांबूस भुकटी दिसली, तर तो क्रॉस बदलावयाचाच. चाकाच्या बेअरिंगचा घुमणारा आवाज आणि सांध्याचा तुटक आवाज यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. बेअरिंग वेग वाढेल तसे घुमत जाते, त्याचा वळणाशी संबंध असला तरी तो तालबद्ध टकटकीचा नसतो.

क्रॉस बदलण्याचे काम कुशल हातास कठीण नाही, परंतु त्यात घाई खपत नाही. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. दोन्ही बाजूंस लोखंडी घोड्या लावून, पुढच्या चाकांना लाकडी अडण देऊन मगच कामास हात घालावा, आणि या खबरदारीच्या बाबतीत अनुभवी मिस्त्रीनेही सवलत घेऊ नये. शाफ्टचा डिफरन्शियलकडचा फ्लँज सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर पंचने किंवा रंगाने एक समोरासमोरची खूण करावी, कारण शाफ्ट पूर्वीच्याच स्थितीत परत बसला नाही तर त्याचे संतुलन बिघडू शकते. शाफ्टचे पुढचे टोक गिअरबॉक्समध्ये केवळ सरकवून बसवलेले असेल तर ते ओढताच तेल वाहू लागते. त्याखाली परात धरावी व तोंड स्वच्छ फडक्याने बंद करावे. टेबलावर शाफ्ट घेतल्यानंतर चारही टोप्यांचे लॉक काढून, शेगड्यात दोन सॉकेटांच्या साहाय्याने, एक टोपीपेक्षा लहान आणि एक मोठा, क्रॉस एका बाजूस दाबत टोप्या बाहेर काढतात. हातोड्याने ठोकून काढण्याची रीत सर्वत्र आहे, पण तिने चिमट्याची छिद्रे अंडाकार होतात, आणि अंडाकार छिद्रात बसवलेली नवी टोपी फिरू लागली की काही दिवसांतच सगळे काम पुन्हा उभे राहते. जुन्या क्रॉसच्या बाहूंवर बोट फिरवून पाहावे. रोलरांनी कोरलेल्या बारीक समांतर रेघा लागल्या, तर तो सांधा ग्रीसअभावी बराच काळ एकाच ठिकाणी आघात खात होता, हे कळते. नव्या टोपीत सर्व रोलर ग्रीसच्या आधाराने उभे आहेत याची खात्री करूनच ती आत दाबावी. एक जरी रोलर आडवा पडला तरी टोपी शेवटपर्यंत बसत नाही आणि लॉक आपल्या खाचेत जात नाही; अशा वेळी जोर लावणे ही मोठी चूक, टोपी परत काढून पाहावे. बसवल्यानंतर क्रॉस बोटांनी चारही दिशांस सहज, पण ढिलेपणाशिवाय फिरला पाहिजे. आखडला असेल तर चिमट्याच्या कानावर पितळी हातोड्याचा एक हलका ठोका दिल्याने टोप्या आपापल्या जागी मोकळ्या होतात.

पुढच्या चालनेच्या गाडीत हबचा मोठा नट चाके जमिनीवर असतानाच सैल करावा, कारण गाडी उचलल्यावर त्याला लागणारा जोर तिला घोड्यांवरून ढकलू शकतो. त्यानंतर खालच्या भुजेचा बॉल जॉइंट सोडवून हब बाजूस घेतात आणि आस बाहेर काढतात. तो ओढून काढू नये. आतल्या सांध्याचे तुकडे बुटात निखळून पडतात, म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूने पट्टीने उचकून मोकळा करावा. बूट कापून काढल्यावर जुने ग्रीस बोटांच्या चिमटीत घासून पाहावे. ते गुळगुळीत असेल तर सांधा वाचवण्याजोगा आहे. करकरले, तर छर्रे आणि खोबणी रॉकेलने धुऊन उन्हात नीट पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. खोबणीत नखाला जाणवेल असा खळगा असेल तर तो सांधा परत घालण्यात अर्थ नाही. कित्येक गॅरेजांत डावा आस उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून आवाज काही काळ थांबवण्याची युक्ती करतात, कारण तसे केल्याने छर्रे खोबणीच्या न झिजलेल्या बाजूवर दाबले जातात. जेथे दोन्ही आसांची लांबी सारखी नाही तेथे ती शक्यच नाही, आणि शक्य असेल तेथेही ती दुरुस्ती नव्हे, मुदतवाढ होय. या सांध्यात मोलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळसर ग्रीसच घालावे, बुटाबरोबर पाकिटात येते तेवढेच सगळे, कमी नाही व जास्तही नाही. चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस छर्ऱ्यांच्या सरकण्यास पुरत नाही. शेवटची क्लिप आवळण्यापूर्वी बुटाच्या ओठाखाली बारीक पट्टी सरकवून आतली कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, नाहीतर बूट फुगून आपल्याच आसावर घासतो. हबचा नट आणि लॉक पुन्हा वापरू नयेत. दोन्ही नवे घ्यावेत, आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावेत, कारण हबच्या बेअरिंगचे आयुष्य त्याच मापावर अवलंबून असते.

सुट्या भागांच्या खरेदीसाठी या परिसरातील लोक ऑपेरा हाऊसच्या बाजारात जातात, आणि जुन्या, उत्पादन बंद झालेल्या गाड्यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात. मेटाडोरसारख्या गाडीच्या बाबतीत दुसऱ्या वाटेवाचून गत्यंतर क्वचितच असते. तेथे मिळणारा वापरलेला आस घेताना त्याच्या बाहेरच्या देखणेपणावर जाऊ नये. बाहेरून तो पॉलिश केलेलाही असू शकतो. दांडा शेगड्यात किंवा दोन विटांवर आडवा धरून सांधा सर्व दिशांस सावकाश वाकवावा, मध्येच अडखळतो का ते पाहावे, मग वाटी धरून दांडा उलट-सुलट फिरवून ढील किती आहे ते बोटांना कळू द्यावे. वाकवल्याविना विकत घेतलेला आस म्हणजे न वाचता सही केलेला दस्तऐवज होय. नव्या क्रॉसच्या बाबतीत टोपीचा बाह्य व्यास आणि दोन टोप्यांमधील लांबी जुन्याशी कॅलिपरने पडताळावी, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे क्रॉस बसवलेले आढळतात आणि दुकानदाराच्या स्मरणावर सर्व भार टाकणे योग्य नव्हे.

या सर्व कामाचा सरकारी दफ्तराशीही संबंध येतो. खासगी वाहनाच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपली की ती पाच वर्षांसाठी वाढवून घेण्यास तपासणी करावी लागते, आणि व्यवसायासाठी नोंदलेल्या व्हॅनला आठ वर्षांनंतर दर वर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. दक्षिण मुंबईतील वाहनांसाठी हा व्यवहार ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. दाखल्याच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने बूट बदलणारे मालक पुष्कळ असतात. त्यापेक्षा तपासणीच्या निदान महिनाभर आधी सांधे पाहून घ्यावेत, म्हणजे काही दोष निघाला तर भाग मिळवण्यास आणि काम नीट करण्यास अवसर राहतो. काम झाल्यावर गाडी शिवाजी पार्कभोवतालच्या एखाद्या शांत रस्त्यावर रात्री उशिरा नेऊन, काच खाली करून, आधी सरळ आणि मग दोन्ही बाजूंस पूर्ण चक्र वळवून हळू चालवावी. भिंतीवरून परावर्तित होणारा आवाज दिवसाच्या गोंगाटात कळून येत नाही तो तेथे कळतो. आठवड्याने फ्लँजचे चारही बोल्ट पुन्हा एकदा पान्याने पडताळावेत, बुटांच्या क्लिपांपाशी ग्रीसचा ओलावा दिसतो का ते पाहावे, आणि सांधा बदलल्याची तारीख, त्या वेळचे किलोमीटर व वापरलेल्या ग्रीसचा प्रकार गाडीच्या वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढचा मिस्त्री कोणीही असला तरी त्याला अंदाजाने काम करावे लागणार नाही.